खुर्ची जप्त, देणे मात्र बाकीच!

न्यायालयाचा बेलिफ, सोबत दरखास्तदाराचे वकील, आवाराबाहेर उभा केलेला टेम्पो आणि कार्यालयात उडालेली धावपळ. महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकाला हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. कधी जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची उचलली जाते, कधी पाटबंधारे खात्याची जीप, कधी कार्यालयातील संगणक आणि पंखे. अपघाताची भरपाई थकली म्हणून एसटीची बस आगारातच अडवली जाते. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ‘प्रशासनावर नामुष्की’ असा मथळा येतो. तिसऱ्या दिवशी मात्र बातमी विरून जाते, कारण बहुतेक वेळा बेलिफ दारात असतानाच मुदत मागितली जाते, थोडीफार रक्कम भरण्याचे आश्वासन दिले जाते आणि खुर्ची पुन्हा जागेवर येते. ज्याच्या जमिनीचे पैसे थकलेले असतात, तो शेतकरी रिकाम्या टेम्पोचे भाडे चुकते करून गावी परततो.

या दृश्यातील विनोद क्षणभर बाजूला ठेवला तर त्यामागे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. न्यायालयाने ‘पैसे द्या’ असा हुकूमनामा केल्यानंतरही पैसे मिळत नसतील, तर त्या हुकूमनाम्याची किंमत काय? हा प्रश्न मूठभर पक्षकारांपुरता नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सर्व उच्च न्यायालयांना आपापल्या क्षेत्रातील प्रलंबित दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्यास सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जी आकडेवारी न्यायालयासमोर आली, तिच्यानुसार या काळात तीन लाख ३८ हजारांवर दरखास्ती निकाली निघूनही देशभरात आठ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या. त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे तीन लाखांहून अधिक होता. या स्थितीबद्दल न्यायालयाने तीव्र नाराजी व्यक्त केली. दरखास्त म्हणजे नवा दावा नव्हे. दावा जिंकलेल्या माणसाने जिंकलेले पदरात पडावे म्हणून केलेला तो दुसरा अर्ज असतो.

भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाचे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. दीडशे वर्षांनंतरही न्यायालये आपल्या निकालपत्रांत त्या निरीक्षणाची आठवण काढतात, यातच सारे आले.

जप्तीची वाट

पैशाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी करण्याचे मार्ग दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये सांगितले आहेत. ऋणकोच्या स्थावर किंवा जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री, त्याच्या वेतनाची वा बँकेतील ठेवीची जप्ती आणि अगदी शेवटी दिवाणी कैद, असे हे मार्ग आहेत. यांपैकी जंगम जप्ती ही वरकरणी सर्वांत सोपी वाटते. जमिनीच्या जप्तीत सातबारा, हिस्सेदार, गहाण, कुळ असे अनेक गुंते असतात. कपाट, मोटार किंवा यंत्र डोळ्यांसमोर असते. ते उचलायचे आणि विकायचे.

प्रत्यक्षात कायद्याने या उचलण्यालाही काटेकोर मर्यादा घातल्या आहेत. हुकूमनाम्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला असेल, तर साधारणपणे ऋणकोला आधी नोटीस द्यावी लागते. बेलिफाने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरायचे नाही. घराचे बाहेरचे दार फोडायचे तर ते घर ऋणकोच्याच ताब्यात असले पाहिजे आणि त्याने प्रवेश नाकारलेला असला पाहिजे. रूढीनुसार परपुरुषासमोर न येणारी स्त्री एखाद्या खोलीत असेल, तर तिला बाहेर पडण्याची सूचना, पुरेसा वेळ आणि सवड दिल्याखेरीज आत जाता येत नाही. जंगम वस्तूची जप्ती ती प्रत्यक्ष ताब्यात घेऊनच करावी लागते आणि जप्त वस्तू सांभाळण्याची जबाबदारी जप्ती करणाऱ्या अधिकाऱ्यावर येते. नाशवंत मालाला किंवा ज्याच्या सांभाळाचा खर्च किमतीपेक्षा अधिक होईल अशा वस्तूंना अपवाद आहे. त्या तत्काळ विकता येतात.

इथेच पहिली अडचण उभी राहते. वस्तू वाहून नेण्याचा आणि ठेवण्याचा खर्च सुरुवातीला दरखास्तदारालाच करावा लागतो. तो पुढे विक्रीच्या रकमेतून वसूल होऊ शकतो हे खरे. परंतु जुने कपाट आणि वापरलेला दूरचित्रवाणी संच विकून येणार किती? शिवाय ‘हा फ्रिज माझ्या माहेरचा’, ‘ही मोटार भावाच्या नावावर’ असे आक्षेप येतात. त्रयस्थाचा हक्क डावलला जाऊ नये म्हणून असे आक्षेप दरखास्तीतच चौकशी करून निकाली काढण्याची तरतूद आहे. ती न्याय्यच आहे. तथापि तिचा आधार घेऊन महिनोन् महिने काढणाऱ्यांची संख्याही कमी नाही.

जे उचलता येत नाही

जप्तीच्या कायद्याचे खरे मर्म, काय जप्त करता येते यापेक्षा काय जप्त करता येत नाही यात आहे. संहितेच्या साठाव्या कलमात ही यादी आहे. ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, घेता येत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेसाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी जनावरे आणि बी-बियाणे सुरक्षित राहतात. मजुराची मजुरी, भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन आणि आयुर्विम्याची रक्कम यांनाही संरक्षण आहे.

या यादीमागच्या विचाराचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दंगेखोरांचे लक्ष्य मुख्यतः सावकारांच्या ताब्यातील कर्जरोखे आणि हुकूमनामे हे होते. ते हिसकावून जाळण्यात आले. दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा हे सावकाराच्या हातातील शस्त्र बनले आहे, ही शेतकऱ्यांची भावना त्यामागे होती. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करण्यास मनाई केली आणि खास गहाण नसलेली त्याची जमीन जप्तीतून वाचवली. ऋणकोकडून देणे वसूल व्हावे, पण त्याचे जगण्याचे साधन हिरावले जाऊ नये, हे तत्त्व इथल्या मातीतील उठावानंतर कायद्याच्या पुस्तकात रुजले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

मात्र तत्त्व टिकले तरी त्याचे आकडे काळाबरोबर चालले नाहीत. वेतनजप्तीची तरतूद याचे उत्तम उदाहरण आहे. निर्वाहाची पोटगी सोडून अन्य हुकूमनाम्यात वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. समजा, जप्तीस पात्र नसलेले भत्ते वगळून एखाद्याचे वेतन २५ हजार रुपये आहे. त्यातून एक हजार वजा केले की २४ हजार उरतात आणि त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे आठ हजार रुपये, दरमहा जप्त होऊ शकतात. पूर्वी ४०० रुपये असलेली मर्यादा २००२ पासून एक हजार झाली, ती तेथेच थांबली. आज एक हजार रुपयांत कोणाचे घर महिनाभर चालते? दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. एकाच हुकूमनाम्यापोटी वेतनजप्ती एकूण २४ महिने चालली की ते वेतन त्या हुकूमनाम्याच्या जप्तीतून कायमचे सुटते. म्हणजे वरील उदाहरणात जास्तीत जास्त एक लाख ९२ हजार रुपयेच वसूल होतील. देणे पाच लाखांचे असेल, तर धनकोने उरलेल्यासाठी पुन्हा कपाटे आणि खुर्च्या शोधत हिंडायचे. एकाच कलमाने ऋणको आणि धनको या दोघांनाही अडचणीत टाकावे, हा दुर्मीळ योग आहे.

लिलावाची बोली

जप्तीनंतर विक्री. तिची जाहीर घोषणा करावी लागते. लिलाव कधी, कोठे आणि किती रकमेच्या वसुलीसाठी आहे, हे त्यात नमूद करावे लागते. घोषणेची प्रत न्यायालयाच्या इमारतीवर लावल्यापासून जंगम मालमत्तेसाठी किमान सात दिवस आणि स्थावरासाठी किमान १५ दिवस गेल्याशिवाय, ऋणकोच्या लेखी संमतीखेरीज, विक्री करता येत नाही. विक्रीशी संबंधित अधिकाऱ्याला बोली लावण्यास मनाई आहे. हुकूमनामाधारकालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही. शेवटची बोली पक्की होण्यापूर्वी ऋणकोने देणे आणि खर्च भरला, तर लिलाव तेथेच थांबतो. जंगम वस्तू विकत घेणाऱ्याने पैसे लगेच किंवा अधिकारी सांगेल त्याप्रमाणे त्यानंतर शक्य तितक्या लवकर भरायचे असतात. न भरल्यास वस्तू पुन्हा लिलावात निघते.

स्थावर आणि जंगम यांच्या लिलावात एक महत्त्वाचा फरक आहे आणि तो सामान्य माणसाला सहसा ठाऊक नसतो. स्थावर मालमत्तेच्या विक्रीत गंभीर अनियमितता किंवा लबाडी होऊन मोठे नुकसान झाले, तर विक्री रद्द करून घेता येते. जंगम वस्तूच्या विक्रीत केवळ अनियमितता झाली म्हणून विक्री रद्द होत नाही. ज्याच्यामुळे नुकसान झाले त्याच्याविरुद्ध भरपाईचा स्वतंत्र दावा करावा लागतो. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात सहज जाते, तेव्हा खरेदीदाराला निर्धास्त करणे हा यामागचा हेतू आहे. पण त्यामुळेच जंगम लिलावात लिलावापूर्वीची दक्षता अधिक मोलाची ठरते. मूठभर नेहमीच्याच खरेदीदारांनी संगनमत करून किंमत पाडली, तर ऋणकोची वस्तू जाते, धनकोचे देणे फिटत नाही आणि दोघांचाही तोटा होतो.

सरकार जेव्हा ऋणको असते

आता पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांच्या खुर्चीकडे वळू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार थकबाकीदाराची जंगम मालमत्ता अडकवून विकण्याचा अधिकार महसूल यंत्रणेला आहे. अपघात भरपाईची रक्कम थकली तर मोटार अपघात न्यायाधिकरण वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडेच पाठवू शकते आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. म्हणजे जो अधिकारी इतरांच्या दारी जप्तीची नोटीस चिकटवतो, त्याच्याच दारी न्यायालयाचा बेलिफ उभा राहतो.

सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याला संहितेत थोडी वेगळी वागणूक आहे. हुकूमनाम्याच्या तारखेपासून तीन महिने तो अपुरा राहिल्याखेरीज त्याच्या अंमलबजावणीचा आदेश काढता येत नाही. सरकारी कारभाराची गती पाहता ही सवलत समजण्यासारखी आहे. पण तीन महिन्यांनंतर सरकार हे इतर कोणत्याही ऋणकोसारखेच असते. तरीही थकबाकी वर्षानुवर्षे राहते, याचे कारण जबाबदारीच्या विभागणीत आहे. जमीन संपादित करतो महसूल विभाग, ती वापरते पाटबंधारे, रस्ते किंवा उद्योगाशी संबंधित यंत्रणा आणि पैसे मंजूर करते तिसरेच कार्यालय. न्यायालयाने वाढीव भरपाई दिली की संपादन अधिकारी संबंधित यंत्रणेकडे बोट दाखवतो, यंत्रणा निधीकडे आणि निधी पुढच्या अर्थसंकल्पाकडे.

या टोलवाटोलवीची किंमत करदाता मोजतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार न्यायालयाने वाढवलेल्या भरपाईवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के दराने व्याज देय होते. २०१३ च्या नव्या कायद्यातही व्याजाचे हेच दर आहेत. दहा लाख रुपयांची वाढीव भरपाई दहा वर्षे रखडली, तर सरळव्याजानेच १४ लाख ४० हजार रुपये व्याज होते. मुद्दलापेक्षा व्याज जड! कोणताही खासगी व्यावसायिक इतके महाग कर्ज हौसेने डोक्यावर ठेवणार नाही. सरकार ते ठेवते, कारण व्याजाचा हा बोजा कोणाही अधिकाऱ्याच्या नावावर लिहिला जात नाही.

अशा वेळी खुर्ची जप्त करण्याचा आर्थिक उपयोग जवळपास शून्य असतो. कार्यालयातील सामान विकून लाखांचे देणे फिटत नाही, हे दरखास्तदाराच्या वकिलालाही ठाऊक असते. ही जप्ती वसुलीसाठी नसून लाजेसाठी असते. नागरिकाला आपल्याच सरकारकडून हक्काचे पैसे मिळवण्यासाठी त्याला लाजवावे लागावे, ही लोकशाहीतील प्रशासनाला शोभणारी गोष्ट नव्हे. शिवाय वारंवार घडणाऱ्या प्रसंगाची लाजही हळूहळू बोथट होते.

न्यायालयाबाहेरची जप्ती

एकीकडे हुकूमनामा हातात असूनही वसुली होत नाही, तर दुसरीकडे हुकूमनाम्याशिवायच वस्तू उचलल्या जातात. कर्जाचे दोन-तीन हप्ते थकले की रस्त्यात रिक्षा, टेम्पो किंवा दुचाकी अडवून चावी काढून घेण्याचे प्रकार शहरांतील वाचकांना अपरिचित नाहीत. कर्जकरारात तशी अट असेल तर वित्तसंस्थेला वाहन ताब्यात घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केले. पण हा ताबा गुंडांकरवी घेता येणार नाही, कायदेशीर मार्गानेच वसुली केली पाहिजे, हेही त्याच न्यायालयाने २००७ मध्ये खडसावून सांगितले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली प्रतिनिधींसाठी सूचना काढल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये, थकीत वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर कर्जदाराला दूरध्वनी करू नये, असे बजावले. पाटणा उच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये बळजबरीने वाहने उचलणे हे जगण्याच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन ठरवले.

बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा २००२ चा सरफेसी कायदाही मोकळे रान देत नाही. कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस, त्याच्या हरकतीला उत्तर, ताबा घेताना दोन साक्षीदारांसमोर पंचनामा, वस्तूंची यादी आणि जंगम तारणाच्या विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस अशी पायरी-पायरीची रचना त्यात आहे. रस्त्यात चावी हिसकावणाऱ्याच्या हाती यांतले काहीही नसते. रिक्षा हे तिच्या चालकाचे उपजीविकेचे साधन आहे. पण तीच कर्जापोटी तारण असल्याने कारागिराच्या हत्यारांना मिळणारे संरक्षण तिला सहसा मिळत नाही. निदान तिची योग्य किंमत यावी आणि विक्रीनंतरचा हिशेब मिळावा, एवढी अपेक्षा तरी गैर म्हणता येणार नाही.

उपाय आहेत, वापर हवा

या सर्व गोंधळात कायद्याची उणीव आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. ऋणकोला शपथेवर आपल्या मालमत्तेची यादी सादर करण्याचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे आणि तो मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हे हत्यार दरखास्तीच्या पहिल्याच तारखेला वापरले, तर कपाटे शोधत हिंडण्याची गरज निम्म्याने कमी होईल. आज माणसाची जंगम संपत्ती घरातील भांड्याकुंड्यांत नसून बँक खात्यात, समभागांत आणि म्युच्युअल फंडांत असते. त्यांची जप्ती बेलिफाशिवाय, एका आदेशाने होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आणि मालमत्तेचा तपशील आधीच घेण्याचे निर्देश दिले होते. त्यांचे पालन किती झाले, हे २०२५ च्या आकडेवारीने दाखवून दिले आहे.

सरकारने स्वतःपुरते करावयाचे काम त्याहून सोपे आहे. वाढीव भरपाईचे जे हुकूमनामे अंतिम झाले आहेत, त्यांची जिल्हावार यादी करून अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करावी. अपील करायचे असल्यास मुदतीत करावे, नसल्यास पैसे न्यायालयात भरावेत आणि निष्कारण विलंबाने वाढलेल्या व्याजाची जबाबदारी निश्चित करावी. संसदेने वेतनजप्तीची मर्यादा महागाईशी जोडावी. लिलाव ऑनलाइन पद्धतीने केले, तर संगनमताला आळा बसून ऋणको व धनको या दोघांनाही चार पैसे अधिक मिळू शकतील.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी दीडशे वर्षांपूर्वी हुकूमनामे जाळले, कारण ते फार कठोरपणे अमलात येत होते. आजचा शेतकरी तोच हुकूमनामा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून न्यायालयाचे हेलपाटे घालतो, कारण तो अमलातच येत नाही. कागदावरचा न्याय घरात पोहोचावा, यासाठी त्याला आणखी किती वेळा साहेबांची खुर्ची उचलून पाहावी लागणार, याचे उत्तर त्या खुर्चीवर बसणाऱ्यांनीच द्यायला हवे.